गाण्याच्या ओढीने शिकलेले हात

पत्र्याचा एक बिस्किटांचा डबा गेली चाळीस वर्षे माझ्याबरोबर घरे बदलत आला आहे. त्यात काचेच्या नळीतले ‘ओए ७९’ जातीचे तीन डायोड आहेत, एक गँग कंडेन्सर आहे, ‘एसी १२८’चे दोन ट्रान्झिस्टर आहेत आणि जुन्या कॉइलवरून उकलून घेतलेली तांब्याची तार आहे. तीन वर्षांपूर्वी या डब्याशेजारी एक वही आली. हिंगोलीत रेडिओ दुरुस्तीच्या ज्या दुकानात मी शाळा सुटल्यावर जाऊन बसत असे, तिथल्या मिस्त्रींची ती वही. आम्ही सगळी पोरे त्यांना चाचा म्हणायचो. चाचा गेले, दुकानात आता मोबाइलची कव्हरे विकली जातात. वही देताना त्यांचा मुलगा म्हणाला, “तुम्हीच ठेवा भाऊ, आमच्याकडं आता कुणी उघडून बघणारं नाही.”

वही उर्दूत आहे. ती वाचता यावी म्हणून पन्नाशीत मी उर्दू लिपी शिकलो. नोंदी अगदी साध्या: तारीख, सेटचे नाव (मर्फी, बुश, फिलिप्स, नाहीतर नुसतेच ‘लोकल’), बिघाड काय, बदलले काय, पैसे किती. पण बिघाडाच्या रकान्यात अधूनमधून जे लिहिले आहे ते कोणत्याही तांत्रिक पुस्तकात सापडणार नाही. ‘लताच्या वरच्या सुरात आवाज फाटतो.’ ‘तबला ऐकू येतो, डग्गा येत नाही.’ आणि पुन्हा पुन्हा येणारा एक शेरा: ‘बुधवारच्या आत पाहिजे.’

बुधवारच का, हे माझ्या वयाच्या वाचकांना सांगायला नको. तरुण वाचकांसाठी पुढे येईलच. या वहीच्या निमित्ताने मला इतकेच मांडायचे आहे, की आमच्यासारख्या लहान गावांत इलेक्ट्रॉनिक्स शिकवणारी पहिली शाळा सिनेमाच्या गाण्याने चालवली. त्या शाळेत शिकलेल्यांची नोंद कुठेही झालेली नाही.

मुंबईचे गाणे कोलंबोहून

१९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर केंद्रात माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले. शास्त्रीय संगीताचे ते कळकळीचे चाहते होते. सिनेसंगीताने देशाची अभिरुची बिघडते असे त्यांचे मत होते. त्यांच्या धोरणामुळे आणि चित्रपट निर्मात्यांशी झालेल्या वादामुळे आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ नाहीशी झाली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात रेडिओ सिलोनवरून ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. दर बुधवारी रात्री आठ वाजता अमीन सयानी यांचा आवाज ऐकायला माणसे पानाच्या टपरीपुढे, हॉटेलात, ज्याच्याकडे सेट असेल त्याच्या ओसरीवर जमू लागली.

सिलोनकडे इतके ताकदवान प्रक्षेपण यंत्र आले कुठून, हाही इतिहास मजेचा आहे. दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांच्या आग्नेय आशिया कमांडने आपल्या सैनिकांसाठी कोलंबोजवळ १०० किलोवॉट क्षमतेचे शॉर्टवेव्ह केंद्र उभारले होते. युद्ध संपल्यावर ते सिलोनच्या ताब्यात आले. लढाईसाठी बसवलेल्या यंत्रावरून मग रफी आणि लता भारतभर ऐकू येऊ लागले.

यातली गंमत नकाशा समोर ठेवला की कळते. गीतमालेचे ध्वनिमुद्रण मुंबईत व्हायचे, फिती कोलंबोला जायच्या आणि तिथून गाणे आकाशमार्गे परत यायचे. हिंगोलीहून मुंबई सरळ रेषेत साडेचारशे किलोमीटरच्या आसपास आहे, तर कोलंबो चौदाशेच्या पुढे. मुंबईत तयार झालेले गाणे आम्हाला तिप्पट लांबून ऐकावे लागे. पुढे ३ ऑक्टोबर १९५७ रोजी केसकरांच्याच कारकिर्दीत ‘विविध भारती’ सुरू झाली आणि सिनेगीत सरकारी रेडिओवर परतले. पण शॉर्टवेव्हची सवय लागायची ती लागली होती. बिनाका रेडिओ सिलोनवर १९८८ पर्यंत टिकली.

सरकारने गाणे दूर लोटले, म्हणून ते पकडण्याची खटपट ऐकणाऱ्याला करावी लागली. जवळचे केंद्र साध्या सेटवर आपोआप लागते. शॉर्टवेव्हवरचे दूरचे केंद्र असे लागत नाही. त्यासाठी घरावर दोन बांबू रोवून तारेची एरियल ताणावी लागते, अर्थिंग ओलसर जमिनीत द्यावे लागते, आणि आवाज वरखाली होऊ लागला की सुई केसभर हलवत राहावी लागते. हा चढउतार का होतो? लहर वातावरणाच्या वरच्या थरांवर आपटून येते, एकाहून अधिक वाटांनी येते, आणि त्या वाटांची लांबी क्षणाक्षणाला बदलते. दोन वाटांनी आलेल्या लहरी कधी एकमेकींना बळ देतात, कधी पुसून टाकतात. आम्हाला त्या वेळी हे कारण ठाऊक नव्हते. पण ओळीच्या मध्यावर गाणे बुडाले की ते दोन-चार सेकंदांत परत वर येते, तोवर बटणाला हात लावायचा नाही, हे सगळ्यांना पक्के माहीत होते.

त्या काळी रेडिओ बाळगायला पोस्टातून परवाना काढावा लागे आणि तो दर वर्षी नवा करून घ्यावा लागे. १९८० च्या दशकात ही पद्धत बंद झाली. घरी जोडलेल्या सेटलाही नियम लागू होता. त्यामुळे हिंगोलीतल्या माळ्यांवर जमलेले कितीतरी सेट सरकारच्या हिशेबात जन्मालाच आले नाहीत.

मुका सेट

माझा पहिला सेट १९८३-८४ च्या सुमाराचा, क्रिस्टल सेट. पुठ्ठ्याच्या नळीवर बारीक तारेचे वेढे, एक गँग, एक डायोड आणि कानाला लावायचा हेडफोन. त्याला सेल लागत नाही, वीजही लागत नाही. प्रक्षेपण केंद्राने हवेत सोडलेल्या ऊर्जेचा जो कण एरियलवर पडतो, तोच कानातला पडदा हलवतो. फुकट रेडिओ! शाळकरी पोराला आणखी काय पाहिजे?

त्याची रचना अशी. वेढे आणि गँग मिळून एक झोका तयार होतो, विजेचा झोका. झोक्याला वेळेवर हलकासा धक्का देत राहिले की तो उंच जातो, अवेळी कितीही जोराने ढकलले तरी जात नाही. हवेत एकाच वेळी पुष्कळ केंद्रांच्या लहरी असतात. त्यांतल्या ज्या लहरीचा धक्का झोक्याच्या लयीत बसतो तेवढीच मोठी होते. गँग फिरवून आपण झोक्याची लय बदलतो. यालाच ट्यूनिंग म्हणतात.

आता ही लहर सेकंदाला लाखो वेळा पुढे-मागे होते. गाणे असते ते तिच्या कमीजास्त होणाऱ्या उंचीत. ती जशीच्या तशी हेडफोनला दिली तर पुढचा धक्का आणि मागचा धक्का एकमेकांना खाऊन टाकतात, कानाला काहीच कळत नाही. म्हणून एकाच दिशेने वाट देणारा दरवाजा लागतो. हे काम डायोडचे. या कामासाठी गॅलेना या शिशाच्या खनिजाचा उपयोग करण्याचे अमेरिकन पेटंट १९०४ साली आपल्या जगदीशचंद्र बोसांना मिळाले होते.

मी सगळे जोडले, हेडफोन कानाला लावला. काही नाही. दोन दिवस तारा काढल्या, लावल्या. शेवटी सेट उचलून चाचांकडे नेला. त्यांनी तो हातात घेतला, पाहिला आणि म्हणाले, “सेट बराबर है बेटा. परभणी दूर है.”

परभणीचे आकाशवाणी केंद्र १३०५ किलोहर्ट्झवर होते आणि हिंगोलीपासून सरळ रेषेत साठ-पासष्ट किलोमीटर. एवढ्या अंतरावर बिनसेलाच्या सेटने बोलावे ही अपेक्षाच जास्त होती. चाचांनी एरियल लांब करायला सांगितले आणि रात्री ऐकायला सांगितले. त्या रात्री पहिल्यांदा मुंगीच्या आवाजात गाणे ऐकू आले. गंमत म्हणजे ते परभणीचे नव्हतेच, दुसऱ्याच कुठल्या दूरच्या केंद्राचे होते. दिवसा सूर्यप्रकाशामुळे साधारण ६० ते ९० किलोमीटर उंचीवर विद्युतभारित कणांचा एक थर तयार होतो आणि मिडियम वेव्हच्या लहरी शोषून घेतो. सूर्य मावळला की तो थर विरतो, लहरी त्याच्याही वर जाऊन परत खाली फेकल्या जातात आणि शेकडो किलोमीटरवरची केंद्रे ऐकू येऊ लागतात. हे पुस्तकात मी पुष्कळ वर्षांनी वाचले. कानाने ते आठवीतच शिकवले होते.

तो आवाज मोठा करायचा म्हणून एक ट्रान्झिस्टर लावला, मग दुसरा. गाणे सगळ्या घराला ऐकवायचे म्हणून स्पीकर आला. स्पीकर आला म्हणून ट्रान्सफॉर्मर आला. पुढची प्रत्येक पायरी अशी गाण्यापायी चढावी लागली.

चाचांची शाळा

चाचांचे पहिले सूत्र होते, “पहले सुनो, खोलना बाद में.” सेट आला की ते मागचे झाकण काढायच्या आधी चांगला दहा मिनिटे ऐकायचे. घरघर आहे की फाटका आवाज आहे, सुरुवातीपासून आहे की तापल्यावर येतो, एकाच केंद्रावर आहे की सगळीकडे. मग स्क्रूड्रायव्हरच्या पात्याला बोट लावून त्याचे टोक व्हॉल्यूम कंट्रोलच्या मधल्या पायाला टेकवायचे. स्पीकरमधून ‘घूं’ आले तर तिथून पुढचा अर्धा सेट ठीक, दोष मागच्या अर्ध्यात. मग त्या अर्ध्याचे पुन्हा अर्धे. बिघाड शोधण्याची ही अर्ध्या-अर्ध्याची रीत आज संगणकाच्या अभ्यासक्रमात मोठ्या नावाने शिकवतात.

सेटमधला सगळ्यात हुशार भाग कोणता, असे मी एकदा विचारले, तेव्हा त्यांनी पिवळ्या, पांढऱ्या आणि काळ्या टोप्यांच्या तीन डब्या दाखवल्या, आयएफटी. एडविन आर्मस्ट्राँग या अमेरिकन अभियंत्याने १९१८ साली शोधलेल्या युक्तीचा तो गाभा. प्रत्येक केंद्रासाठी सेटमधले सगळे झोके वेगळे जुळवत बसणे अवघड असते. म्हणून सेट स्वतःच आत एक सूर लावतो. परभणीचे १३०५ लावले की आतला सूर १७६० वर जातो. दोन्हींतला फरक ४५५. औरंगाबादचे १५२१ लावले की आतला सूर १९७६, फरक पुन्हा ४५५. म्हणजे केंद्र कोणतेही असो, पुढच्या भागाला कायम ४५५ हाच एक आकडा सांभाळायचा असतो. दोन तानपुरे जवळजवळ जुळलेले असले की मधे एक संथ लहर ऐकू येते, ती त्यांच्या सुरांतल्या फरकाची असते. चाचांनी मला हे तानपुऱ्यावरूनच समजावले होते. ते स्वतः कव्वालीला पेटी वाजवायचे.

त्या डब्यांच्या आतला गाभा लाखेसारख्या ठिसूळ फेराइटचा असतो आणि तो प्लास्टिकच्या पात्यानेच फिरवायचा असतो. लोखंड जवळ आले की जुळणीच बदलते. हे मला माहीत होते. तरी एकदा घाईत मी शेजारच्या काकूंच्या सेटमध्ये लोखंडी स्क्रूड्रायव्हर घातला. गाभा तडकला, परभणी हरवले. तो मंगळवार होता. चाचा रागावले नाहीत. दुकान बंद करून रात्री नवी आयएफटी बसवली आणि मला समोर बसवून तासभर नुसता आवाज ऐकायला लावला. वहीत त्या दिवशीची नोंद आहे. पैशांच्या रकान्यात शून्य.

सुटे भाग नांदेडहून यायचे. मोठी खरेदी असली की छोट्या लाइनच्या गाडीने हैदराबाद, तिथल्या कोटी बाजारात. जाणाऱ्याच्या खिशात सगळ्या गावाची यादी असे: कुणाचा ड्रायव्हर ट्रान्सफॉर्मर, कुणाचा टेपचा बेल्ट, कुणाची पिकअपची सुई.

भोंगा कुणाचा?

ऐंशीच्या दशकात कॅसेट आली. फिलिप्सने ती १९६३ साली काढली होती, आमच्याकडे स्वस्त व्हायला वीस वर्षे गेली. पीटर मॅन्युएल या अभ्यासकाने १९९३ च्या ‘कॅसेट कल्चर’ या पुस्तकात दाखवले, की स्वस्त कॅसेटमुळे गाण्यावरची मोठ्या कंपन्यांची पकड सुटली आणि प्रादेशिक, स्थानिक गाण्याला बाजार मिळाला. त्यांचा भर उत्तर भारतावर आहे. मराठवाड्यात याचा अर्थ वामनदादा कर्डक, प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप असा होता. भीमगीते घराघरांत पोचली.

पण कॅसेट स्वस्त झाली तरी चौकात ती ऐकवायला भोंगा लागतो, आणि भोंग्याला अ‍ॅम्प्लिफायर. तो भाड्याने मिळे. माझ्या वर्गातला एक मित्र वस्तीतला होता. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात झाला, त्यानंतर गावोगाव जे घडले ते त्याच्या घराने सोसले होते. १४ एप्रिलच्या मिरवणुकीला भाड्याचा भोंगा आयत्या वेळी ‘नादुरुस्त’ निघण्याचा अनुभव त्यांना नवा नव्हता. तो मला म्हणाला, “भाड्याचा भोंगा मालकाच्या मर्जीनं बंद पडतो. आपला आपणच बनवू.”

आम्ही आधी टीबीए ८१० या आयसीची पाच-सात वॉटची प्लेट केली. खोलीपुरती ठीक होती, रस्त्यावर तिचा जीव गेला. मग २एन३०५५ ही ट्रान्झिस्टरची जोडी आणली. हा दणकट ट्रान्झिस्टर, पण भयंकर तापतो. उष्णता बाहेर काढायला अ‍ॅल्युमिनियमचे जाड पाते लागते. आम्ही मोडक्या भांड्याचा तळ कापून लावला आणि पहिल्याच चाचणीत जोडी जळाली. दोन महिन्यांचे साठवलेले पैसे धुरात गेले. चाचांनी आपल्याकडचे खरे हीट सिंक दिले, मधे अभ्रकाचा पातळ पत्रा कसा घालायचा ते दाखवले, म्हणजे उष्णता जाते पण वीज जात नाही. त्या वर्षीची जयंती त्या अ‍ॅम्प्लिफायरवर झाली. पहाटेपर्यंत तो तापत राहिला, पण बंद पडला नाही.

छंदाला लोक रिकामपणाचा उद्योग म्हणतात, तेव्हा मला ती रात्र आठवते. १४ जानेवारी १९९४ रोजी विद्यापीठाचा नामविस्तार झाला, तेव्हा तोच अ‍ॅम्प्लिफायर पुन्हा बाहेर निघाला. माझा मित्र आज वीज वितरणात तंत्रज्ञ आहे. त्याने शिकलेली पहिली वीज ती.

दोन तुच्छता

सिनेमाचे गाणे हलके, हे सुशिक्षितांनी फार आधी ठरवले. मिस्त्रीचे काम हलके, हे त्याच्याही आधी ठरलेले होते. मला या दोन्ही तुच्छता एकाच मुळाच्या वाटतात. जे पुष्कळांना सहज आवडते त्यात अक्कल नसणार आणि जे हाताने होते त्यात विचार नसणार, असे धरून चालायचे. एका संस्थेत मी नोकरीसाठी गेलो होतो. समोरचा सेट वीस मिनिटांत बोलता केला, मग प्रमाणपत्र मागितले गेले. ते नव्हते. मी उठून आलो. तक्रार म्हणून हे सांगत नाही. गाणे आणि हात यांची जिथे गाठ पडली, ते दुहेरी हलके ठरलेले ज्ञान मोजायला आपल्याकडे मापच नव्हते, एवढेच म्हणायचे आहे.

विज्ञानाचा इतिहास मात्र वेगळे सांगतो. ग्रोट रेबर हा अमेरिकेतला हौशी रेडिओवाला. १९३७ साली त्याने घरामागच्या अंगणात स्वतःच्या पैशाने सुमारे साडेनऊ मीटर व्यासाची थाळी उभारली आणि आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपल्या. पुढे कित्येक वर्षे रेडिओ खगोलशास्त्र म्हणजे तो एकटा माणूस होता. आपल्याकडे गोविंद स्वरूप यांनी ऑस्ट्रेलियात वापरून झालेल्या ३२ छोट्या थाळ्या मिळवल्या आणि १९६५ मध्ये कल्याणला त्यांची दुर्बीण उभी केली. त्याच वाटेने पुढे नारायणगावजवळच्या खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्यांची महादुर्बीण झाली. तिच्या थाळ्या भरीव नाहीत, दोरांवर ताणलेल्या तारेच्या जाळीच्या आहेत, म्हणून त्या हलक्या आणि स्वस्त झाल्या.

औंढ्याचे ऐकणे

हे सगळे आज का आठवले? हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ, गुरुत्वीय लहरी टिपणारी ‘लायगो-इंडिया’ ही वेधशाळा होणार आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी २६०० कोटी रुपयांना मंजुरी दिली. काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्या, आत निर्वात पोकळी आणि लेझरचा किरण. दूर कुठे दोन कृष्णविवरे एकमेकांत मिसळली की अवकाशालाच जो कंप सुटतो, त्याने या भुजांच्या लांबीत प्रोटॉनच्या हजाराव्या भागाहूनही कमी फरक पडतो. तो मोजायचा.

अमेरिकेतल्या अशाच दोन वेधशाळांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिली लहर टिपली. सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षांवरून आलेली. तिची कंपने सेकंदाला ३५ पासून २५० पर्यंत चढत गेली, सगळे मिळून सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यात. ही कंपने माणसाच्या कानाच्या टप्प्यातली आहेत. शास्त्रज्ञांनी ती स्पीकरवर वाजवून दाखवली तेव्हा पाखराने चिवकावे तसा आवाज आला. पण यंत्रात तो इतर खरखरीत पार बुडालेला असतो. तो वेगळा काढायचा तर आधी त्याचा आकार कसा असेल हे गणिताने ठरवून ठेवावे लागते आणि त्या साच्यांशी आलेली खरखर सतत पडताळून पाहावी लागते. या पद्धतीच्या पायाभरणीत पुण्याच्या ‘आयुका’तले संजीव धुरंधर यांचे मोठे काम आहे.

चाचांचे दुकान आणि ही वेधशाळा यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, हे मला कळते. तरी कशाची वाट पाहायची हे ठाऊक असलेला कानच खरखरीतून गाणे वेगळे काढतो, हे मी त्या दुकानातच शिकलो. औंढ्याला वेधशाळा होईल तेव्हा आमच्या पोरांना तिथे पहारेकऱ्याचे आणि बागेचे काम मिळेल, की यंत्राजवळचेही मिळेल? आज त्यांच्या हातातला मोबाइल उघडताच येत नाही. मिडियम वेव्हची अनेक प्रक्षेपण केंद्रे बंद झाली, आता क्रिस्टल सेट केला तरी ऐकणार काय? शिकायला ओढ लागते आणि ओढीला उघडता येईल अशी वस्तू लागते. गाण्याची ओढ पोरांत आजही आमच्याइतकीच आहे. वस्तू तेवढी हरवली.

औंढ्याच्या देवळाची कथा आमच्याकडे प्रत्येकाला ठाऊक आहे. नामदेवांना समोर कीर्तन करू दिले नाही, ते मागे जाऊन गाऊ लागले, तेव्हा देऊळच त्यांच्याकडे फिरले. आमच्या भागात गाण्याच्या ताकदीबद्दल लोकांना पहिल्यापासून शंका नाही.

चाचांची वही मी देवनागरीत उतरवून काढली आहे. औंढ्यात पोरांसाठी एखादी खोली निघाली, तर तिथे ती ठेवायची आहे, सोबत माझा डबा आणि तो जुना अ‍ॅम्प्लिफायर. मित्राने कबूल केले आहे. वहीच्या शेवटच्या पानावर एकच नोंद आहे: ‘बुश, तीन बँड. आवाज साफ. सेट तयार. गिऱ्हाईक आले नाही.’